फॉरमॅट न मारता

मदरबोर्ड बदलला, आणि विंडोज पुन्हा टाकावं लागलं नाही! नुसता मदरबोर्ड नाही हो, प्रोसेसर बदलला, रॅम बदलली, इंटेल सोडून थेट एएमडीवर गेले, आणि तरी मशीन चालू केल्यावर समोर आला तो माझाच डेस्कटॉप. तोच वॉलपेपर, त्याच कोपऱ्यात तेच फोल्डर, अर्धवट राहिलेली कुणाची तरी लग्नपत्रिका, आणि फॉन्टच्या यादीत माझे सगळेच्या सगळे मराठी फॉन्ट. भेटेल त्याला मी हे सांगत सुटले आहे. ज्यांना यातलं कळतं ते म्हणतात, "शक्यच नाही." शक्य आहे! आणि ते का शक्य आहे हे समजल्यापासून तर मला अजिबात राहवत नाहीये.

ज्यांचं काम ब्राउझर आणि ईमेलवर भागतं, त्यांना विंडोज नव्याने टाकणं म्हणजे अर्ध्या दिवसाची कटकट. डीटीपीवाल्यांचं तसं नसतं. माझ्या सी ड्राइव्हवर श्रीलिपी आहे, कोरलड्रॉ आहे, आणि पेजमेकरही आहे. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ साली आली आणि त्यापुढची आलीच नाही, पण आमची जुनी गिऱ्हाइकं त्याच फाइली घेऊन येतात: पतसंस्थेचा अहवाल, शाळेची स्मरणिका, आजोबांच्या पंच्याहत्तरीचं पुस्तक. या फाइलींमधली मराठी युनिकोडमधली नाही. ज्या फॉन्टमध्ये ती बसवली तोच फॉन्ट मशीनवर नसेल, तर मजकुराच्या जागी नुसती चिन्हांची गिचमिड दिसते. शिवाय प्रिंटरचे समास, कोरलमधले माझे शॉर्टकट, स्टाइलशीट, हाताने भर घालत नेलेला मराठी शब्दकोश. यातलं निम्मं कुठे साठवलेलं असतं हेसुद्धा सांगता येत नाही. ते फक्त तिथे असतं. म्हणून "फॉरमॅट मारू" हा शब्द ऐकला की आमच्या धंद्यातल्या कुणाच्याही पोटात गोळा येतो.

आणि मशीन बदलणं तर भागच होतं. चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर३ रॅम. दोनपैकी एक रॅम स्लॉट गेला होता, मागचे यूएसबी पोर्ट एकेक करून मान टाकत होते. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालच्या प्रोसेसरला दारात उभं करत नाही. दिवाळी अंकांची कामं हातावेगळी झाल्यावर मी पुण्याला तपकीर गल्लीत गेले आणि बी४५० चिपसेटचा बोर्ड, रायझन ५ ५६००जी आणि सोळा जीबी डीडीआर४ रॅम घेऊन आले. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं, त्यामुळे वेगळं कार्ड नको. बी४५० हा बोर्ड या प्रोसेसरच्या आधीचा, म्हणून डब्यावर रायझन ५००० चालत असल्याचा स्टिकर आहे ना, तेवढं पाहून घेतलं.

दुकानातला मुलगा बिल करता करता म्हणाला, "मॅडम, मशीन घेऊन या, विंडोज मारून देतो. बोर्ड बदलला की फॉरमॅट मारावाच लागतो."

हेच वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. आणि मजा अशी, की ते कधीकाळी अगदी खरं होतं!

एक्सपीचे दिवस आठवा. २००१ साली आलेलं विंडोज एक्सपी ज्या मशीनवर टाकलं त्या मशीनचं होऊन जायचं. बोर्ड बदलला की निळा स्क्रीन आणि त्यावर ७बी हा आकडा, म्हणजे 'बूट डिस्क हाताला लागत नाही'. यामागचं कारण मी आता पहिल्यांदाच नीट समजून घेतलं आणि अक्षरशः टाळी वाजवली. पाहा: डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो, आणि तो ड्रायव्हर असतो त्याच डिस्कवर! मग सुरुवात व्हायची कशी? सुरुवातीला बोर्डावरचं बायोस स्वतःच्या बळावर डिस्क वाचून देतं. बूट लोडर त्याच्या मदतीने विंडोजचा गाभा आणि मोजकेच ड्रायव्हर रॅममध्ये आणून ठेवतो. मग विंडोज स्वतःच्या पायावर उभं राहतं आणि बायोसचा हात सुटतो. त्या क्षणी डिस्क कंट्रोलरचा बरोबर ड्रायव्हर हाताशी असेल तर पुढे, नसेल तर सगळं ठप्प. एक्सपी हे मोजके ड्रायव्हर कोणते ते इन्स्टॉल करतानाच ठरवून ठेवायचं, समोर दिसणाऱ्या कंट्रोलरपुरतं. कंट्रोलर बदलला, की संपलं. हॅल नावाचा थर, जो हार्डवेअर आणि विंडोज यांच्या मध्ये बसतो, तोही त्या मशीनला बघून एकदाच निवडला जायचा. ज्यांनी एक्सपी टाकताना एफ६ दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी घातली आहे, त्यांना हे सगळं आठवत असेल.

म्हणजे दुकानातला तो मुलगा चुकीचं बोलत नव्हता, त्याच्या वस्तादाने त्याला जे शिकवलं ते तो बोलत होता. फक्त दरम्यान जग बदललं होतं.

बदललं ते असं. २००४ साली एएचसीआय नावाचं मानक आलं: साटा कंट्रोलरने संगणकाशी कसं बोलायचं याची एक ठरलेली रीत. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने त्या रीतीचा स्वतःचा ड्रायव्हर विंडोजमध्येच घालून दिला. विंडोज ८ पासून त्याचं नाव स्टोरएएचसीआय. एनव्हीएमई डिस्कसाठीही तसाच ड्रायव्हर विंडोज ८.१ पासून आतच आहे. बोर्डावरचं प्रत्येक उपकरण विचारल्यावर दोन गोष्टी सांगतं. एक, मला कुणी बनवलं. दोन, मी कोणत्या जातीचं काम करतो. ही दुसरी गोष्ट तीन जोड्यांच्या एका आकड्यात असते. एएचसीआय कंट्रोलरचा आकडा ०१ ०६ ०१: साठवणुकीचं उपकरण, त्यातलं साटा, त्यातलं एएचसीआय बोलणारं. माझ्या जुन्या इंटेल बोर्डावर हाच आकडा होता आणि नव्या एएमडी बोर्डावरही हाच! कंपनी वेगळी, चिप वेगळी, पण विंडोजच्या दृष्टीने जात एकच, ड्रायव्हर एकच. हात सुटतच नाही. मला ही इतकी देखणी गोष्ट वाटते, की ज्यांनी ही मानकं बसून ठरवली त्यांना भेटून नमस्कार करावासा वाटतो.

आता प्रत्यक्ष काम. आदल्या रात्री संपूर्ण सिस्टिमची इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर' आहे, त्यातच ही सोय आहे, वेगळं काही आणावं लागत नाही. मग रनमध्ये एमएसइन्फो३२ टाइप करून 'बायोस मोड' समोर काय लिहिलंय ते पाहिलं. यूईएफआय! हे फार महत्त्वाचं. नवे बोर्ड यूईएफआय पद्धतीनेच बूट करतात आणि त्यासाठी डिस्क जीपीटी असावी लागते. तिथे 'लेगसी' असतं तर आधी ते बदलून घ्यावं लागलं असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साटा कंट्रोलर एएचसीआय म्हणून नोंदलेला आहे हेही पाहिलं. आणि सेटिंग्जमध्ये जाऊन लायसन्स माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं आहे याची खात्री केली. एवढीच पूर्वतयारी.

कॅबिनेट जुनंच ठेवलं, कारण एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ साली ठरवलं आणि स्क्रूच्या छिद्रांच्या जागा आजही त्याच आहेत. मायक्रो एटीएक्स बोर्ड जास्तीत जास्त २४४ मिलिमीटर चौरस. त्याची छिद्रं जुन्या कॅबिनेटच्या पितळी स्टँडऑफवर अशी बरोबर येऊन बसली की मी दोनदा हात लावून पाहिलं. एएम४ प्रोसेसरच्या पोटाला पिना असतात, १३३१ सोनेरी पिना, केसाएवढ्या बारीक. सॉकेटची दांडी वर करायची, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, आणि सोडून द्यायचा. दाबायचा नाही! आपल्या वजनाने तो आत उतरतो. तो उतरतानाचा जो काही 'खट्' न करणारा, निव्वळ मऊ असा क्षण आहे, तो प्रत्येकाने एकदा अनुभवावा. दांडी खाली केली, पंखा बसवला (त्याच्या बुडाला पेस्ट कंपनीनेच लावून दिलेली असते), रॅम दोन्ही बाजूंनी टकटक वाजेपर्यंत दाबली. सगळ्यात किचकट काम समोरच्या बटणाच्या वायरींचं: नऊ पिनांचा इवलासा गठ्ठा, पॉवर, रीसेट, दोन दिवे, आणि बोर्डावरची अक्षरं मुंगीच्या पावलांएवढी. मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून ते केलं. मग चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर, प्रोसेसरचा आठ पिनांचा, आणि शेवटी माझी जुनी एसएसडी, तिच्या साटा वायरीसकट.

बटण दाबलं. पंखा फिरला. बोर्डाच्या कंपनीचं चित्र आलं. मग विंडोजची ती निळी खिडकी, आणि तिच्याखाली अक्षरं उमटली: 'गेटिंग डिव्हायसेस रेडी'. पुढे टक्के.

हा स्क्रीन विंडोज नवीन टाकताना दिसतो, म्हणून काळजात धस्स झालं. पण नाही! हे विंडोज नव्या घरातल्या खोल्या फिरून पाहत होतं, बिऱ्हाड मात्र जुनंच होतं. टक्के चढत गेले, मशीन एकदा आपणहून रीस्टार्ट झालं, आणि लॉगिनचा स्क्रीन आला. माझ्या नावासकट. पासवर्ड टाकला. डेस्कटॉप! चिन्हं मोठी मोठी आणि ढोबळ दिसत होती, कारण ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर अजून आला नव्हता आणि विंडोज आपल्या साध्या ड्रायव्हरवर भागवत होतं. पण लॅन लगेच चालू झालं, विंडोज अपडेट कामाला लागलं, थोड्या वेळाने स्क्रीन एकदा काळा झाला आणि परत आला तो लख्ख. मी सरळ पेजमेकर उघडलं आणि स्मरणिकेची जुनी फाइल उघडली. सगळी अक्षरं जागच्या जागी. एकही काना हललेला नाही.

मग मी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जी शिरले ती रात्रीच्या जेवणापर्यंत बाहेर आले नाही. कुठल्याही उपकरणावर डबल क्लिक करा, 'डिटेल्स' मध्ये जा, 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथे व्हीईएन या अक्षरांपुढे चार अंक दिसतात, तो बनवणाऱ्या कंपनीचा नंबर. एएमडीचा १०२२. इंटेलचा कोणता असेल? ८०८६! १९७८ साली इंटेलने काढलेल्या ज्या प्रोसेसरपासून आपल्या पीसीचा वंश सुरू झाला, त्याचंच नाव त्यांनी नंबर म्हणून लावलंय. आणि माझ्या रायझनमधल्या ग्राफिक्सपुढे एएमडीचा १०२२ नाहीच, तिथे १००२ आहे. तो एटीआयचा नंबर. एएमडीने एटीआय विकत घेतली २००६ साली, पण ग्राफिक्सच्या चिपा अजून माहेरचं नाव लावतात! याच यादीत 'कंपॅटिबल आयडीज' निवडलं, की साटा कंट्रोलरच्या नोंदींत तो आपला ०१०६०१ उघडा डोळ्यांपुढे दिसतो. ज्याच्यावर माझं अख्खं मशीन तरलं तो आकडा मी अशी बोट लावून पाहिला.

आणखी एक करा. डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' ला टिक करा. फिक्या रंगात जुना बोर्ड सगळाच्या सगळा तिथे हजर असतो: इंटेलचा चिपसेट, जुनं लॅन, जुनी साउंड चिप, सगळ्यांपुढे ८०८६ किंवा आपापला नंबर. त्यांचा काही त्रास नाही, ती नोंद तेवढी राहते.

लायसन्सचं म्हणाल, तर बोर्ड बदलल्यावर विंडोजने 'अॅक्टिव्हेटेड नाही' असं सांगितलंच. विंडोजच्या लेखी बोर्ड म्हणजेच मशीन. पण २०१६ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या अपडेटपासून अॅक्टिव्हेशनच्या पानावर 'ट्रबलशूट' आहे, त्यात 'मी नुकतंच हार्डवेअर बदललं' असा पर्याय. खात्यात लॉगिन केलं, माझ्या मशिनांची यादी आली, जुनं नाव निवडलं, झालं. माझं विंडोज डब्यातून घेतलेलं रिटेल होतं म्हणून हे सरळ झालं. ब्रँडेड मशीनबरोबर आलेलं विंडोज त्याच मशीनला बांधलेलं असतं, ते असं नेता येत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावं.

माझा भाचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. त्याला फोनवर सगळं सांगितलं, तर म्हणतो कसा, "मावशी, डेबियनवर आम्ही हे कधीपासून करतोय!" आणि रविवारी स्वतःची डेबियनची डिस्क घेऊन आला. ती माझ्या नव्या बोर्डाला लावली, तर पहिल्यांदा बूटच्या यादीत डेबियन नाहीच. का? कारण यूईएफआयमध्ये बूटची यादी डिस्कवर नसते, ती बोर्डावरच्या स्मृतीत असते, म्हणजे ती त्याच्या कॉलेजच्या मशीनवरच राहिली! विंडोजची नोंद माझ्या बोर्डाने आपली आपण शोधून घेतली होती, म्हणून हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालू करून नोंद पुन्हा घातली, आणि पुढे डेबियन असं सुरू झालं की जणू याच मशीनवर जन्मलं होतं. टक्के नाहीत, रीस्टार्ट नाही. लिनक्सचा कर्नल बहुतेक ड्रायव्हर सोबतच घेऊन फिरतो, डेबियनमध्ये बूटच्या सुरुवातीची प्रतिमाही एका मशीनपुरती नसते, आणि डिस्क ओळखायला तो वायरीची जागा पाहत नाही, डिस्कच्या अंगावरचा यूयूआयडी पाहतो. बदललं ते फक्त लॅन पोर्टचं नाव, कारण ते नाव पोर्ट बोर्डावर कुठे बसलाय त्यावरून पडतं.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी मी चौकशी करून ठेवलेल्या चार गोष्टी सांगते, कारण सगळीकडे माझ्याइतकं सरळ जाईलच असं नाही. जुन्या मशीनवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर आधी ते बंद करा. त्याची किल्ली जुन्या बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा कप्प्यात असते, आणि नवा बोर्ड लागल्यावर मशीन अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मागत बसतं. टीपीएम असलेल्या मशीनवर चार अंकी पिनही अडतो, म्हणून खात्याचा खरा पासवर्ड पाठ हवा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बोर्डांवर व्हीएमडी नावाची सोय चालू असली तर विंडोजला एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही आणि तोच जुना 'बूट डिस्क सापडत नाही' येतो. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा. जुनी डिस्क आयडीई किंवा रेड मोडमध्ये असेल, तर विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं आधी ठरवून ठेवायचं आणि मग एएचसीआय करायचं, कारण सेफ मोडमध्ये विंडोज आपल्याजवळचे साठवणुकीचे ड्रायव्हर मोकळेपणाने वापरून पाहतं. आणि नव्या बोर्डावर अडीच गिगाबिटचं लॅन असेल तर त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधीच घेऊन ठेवा. नाहीच घेतला, तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, इंटरनेट लागलीच मिळतं. काही सॉफ्टवेअर आपलं लायसन्स बोर्डाच्या नंबरला बांधतात, ती आधी डीअॅक्टिव्हेट करून घ्यावीत. डोंगलवाल्यांना चिंता नाही, डोंगल काढून नव्या पोर्टात घातलं की झालं.

नंतर बायोसमध्ये एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधलंच टीपीएम, चालू केलं आणि त्याच विंडोजवर ११ चढवलं, फॉन्टसकट, पेजमेकरसकट, शब्दकोशासकट. आता गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सवाल्या वहिनींचं मशीन आहे. त्यांना बोर्ड बदलायचाय आणि त्यांनाही कुणीतरी "फॉरमॅट मारू" म्हणून सांगून गेलंय. त्यांचं विंडोज लेगसीवर आहे, डिस्क एमबीआर. पण विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआरटूजीपीटी नावाची आज्ञा आहे, एकही फाइल न उडवता डिस्क जीपीटी करून देणारी. आधी व्हॅलिडेट करून पाहायचं, मग कन्व्हर्ट, मग जुन्या बोर्डाच्या बायोसमध्ये यूईएफआय निवडून एकदा बूट करून बघायचं, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा. इमेज घेऊन झाली आहे. वहिनी म्हणाल्या, शनिवारी दुपारी गर्दी नसते, तेव्हा या.